गोळी व्हिटॅमिनचीच होती, दादा

माझा दादा बरा होणाऱ्या रोगाने मेला.

आज वर्ष झालं. लोक विचारतात, सावरलीस का? सावरायचं नंतर बघू. आधी माझा संताप उतरू द्या.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ सुधाकर. वय बावन्न. बुटीबोरीच्या एका कापड मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. आमच्या प्रताप नगरातल्या अर्ध्या घरांचे कूलर आणि पंप त्याने दुरुस्त केलेले. मशीनमधून जरा वेगळा आवाज आला की कान टवकारायचा. स्वतःच्या शरीराकडे मात्र ढुंकूनही बघायचा नाही.

आधी दंडावर निळे डाग आले.

"हे काय?" वहिनीने विचारलं.

"मशीन लागली असंन."

"आणि मांडीवर?"

"तिथंबी लागली असंन."

मग ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. त्याने मला फोन केला. मी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, म्हणून आमच्या घरची डॉक्टर मीच.

मी तेव्हा पेपर तपासत बसले होते. म्हटलं, "व्हिटॅमिन सी कमी झालं असेल. गोळ्या घे. आणि दादा, उद्याच रक्त तपासून घे."

त्याने पहिलं ऐकलं. दुसरं सोडून दिलं.

हो, पहिलं वाक्य माझंच होतं. वर्षभर तेच कानात वाजतंय.

त्यानंतर बारा दिवस मी विचारत होते, "टेस्ट केली का?"

"करतो ना वं. मिलमधी मेंटेनन्स चालू आहे. काहून मागं लागून राहिली?"

तेराव्या दिवशी जरीपटक्याला एका साखरपुड्यात, जेवता जेवता त्याच्या नाकातून रक्त आलं. थांबेचना. पंगतीतूनच दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मला आणि वहिनीला समोर बसवलं. शांत बाई. म्हणाल्या, ब्लड कॅन्सर आहे. पण यातला हा प्रकार बरा होतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अर्धवट वाढून अडकून पडल्यात. आत्ता खरा धोका रक्तस्रावाचा आहे. सुरुवातीचे दिवस निघाले की बहुतेक पेशंट चांगले होतात.

"औषध?" मी विचारलं.

"कॅप्सूल लगेच सुरू करतोय. व्हिटॅमिन ए पासूनच बनतं ते औषध. सोबत रक्त गोठायला मदत करणाऱ्या पिशव्या चढवू. इंजेक्शनं पण लागतील."

झालं. व्हिटॅमिन हा शब्द वहिनीच्या तोंडून फॅमिली ग्रुपवर गेला आणि तमाशा सुरू झाला.

एका मावशीने थर्मासभर गाजराचा ज्यूस पाठवला. कोणी पपई. आमचे काकाजी तर वॉर्डात उभं राहून म्हणाले, "कॅन्सरले व्हिटॅमिन देऊन राहिले? चाला, दुसऱ्या दवाखान्यात नेऊ याले!"

मी सांगत होते, काकाजी, ते गाजरातलं नाही, हे औषध आहे, याचा डोस वेगळा असतो. कोण ऐकतंय!

आणि दुसऱ्या दिवशी वहिनीला दादाच्या शर्टाच्या खिशात दोन कॅप्सूल सापडल्या. न घेतलेल्या.

मी इतकी ओरडले की बाजूच्या बेडवरचे आजोबा उठून बसले.

"मीनू, चिल्लावू नको वं," दादा म्हणाला. "व्हिटॅमिनच द्यायचं होतं तं मी घरीच घेऊन राहिलो होतो ना. तुनंच सांगितलं होतं."

बेडवर बसले आणि त्याला समजावलं. वर्गात समजावते तसंच.

म्हटलं, "दादा, व्हिटॅमिन म्हणजे नुसती ताकद नाही. हे पेशीच्या आत शिरतं, पार केंद्रकापर्यंत जातं. तिथे एक प्रोटीन असतं, रिसेप्टर म्हणतात त्याला. त्यावर हे जाऊन बसलं की बंद पडलेले जीन चालू होतात. पेशीला निरोप मिळतो, आता मोठी हो. तुझ्या पेशींत तो रिसेप्टरच बिघडलाय. साध्या डोसने तो हलत नाही. म्हणून हा मोठा डोस."

दादाने कॅप्सूल उचलून बोटांत फिरवली.

"म्हंजे रिलेचा स्विच अटकला आहे. छोट्या सिग्नलनं उचलून नाही राहिला."

"हो."

"आन् पेशीले मारत नाही हे?"

"हे औषध मारत नाही. वाढवतं. पुऱ्या वाढल्या की त्या आपल्या आपण संपतात."

"असं सांगा ना मंग! व्हिटॅमिन व्हिटॅमिन काय लावलं सगळ्यायनं!"

माझ्यासमोर गोळी घेतली. त्यानंतर एकही चुकवली नाही. काकाजी भेटायला आले तेव्हा दादाच त्यांना रिसेप्टर समजावून सांगत होता. हातवारे करून!

भरती केल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "डोकं लय दुखून राहिलं." पुढचं वाक्य अडखळलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. संध्याकाळी दादा गेला.

तिसऱ्या दिवसाचे विधी उरकल्यावर कागदपत्रं घ्यायला मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंना विचारलं, "त्या दोन गोळ्यांमुळे झालं का?"

"दोन गोळ्यांचं मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "आधीचे बारा दिवस मिळाले असते तर..."

मग त्यांनी शेवटच्या दिवशी सकाळी घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट दाखवला. काही पेशी पुऱ्या वाढायला लागल्या होत्या.

निरोप पोचला होता.

कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून मी पहिल्यांदा रडले.

तुम्ही हे वाचताय, तर एवढं ऐका. मार न लागता अंगावर निळे डाग येत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना दाखवा. घरातल्या बायोलॉजीच्या मास्तरणीला विचारू नका.

दादा, तुझ्यावरचा राग गेलेला नाही. माझ्यावरचा तर नाहीच नाही. तरी आज तुझ्या फोटोला हार घातला, वहिनीसोबत दोन घास खाल्ले.

येते रे. भावपूर्ण वगैरे मला लिहिता येत नाही. श्रद्धांजली, दादा.