बेल ठेवला, नाग हाकलले

सासूबाई माझ्या बाळंतपणासाठी अमेरिकेत हर्नडनला आल्या आणि महिना व्हायच्या आत "मला परत पाठवा" म्हणू लागल्या. नवरा सकाळीच ऑफिसला जायचा, मी सातव्या महिन्याचं पोट घेऊन घरात, आणि खिडकीबाहेर नुसत्या उभ्या गाड्या. "इथे माणूस म्हणून दिसत नाही," हे त्यांचं पालुपद. कॉलिंग कार्डावर नणंदेला फोन लावून त्यांनी तिकीट बदलून मिळतं का, हेही विचारून घेतलं. मला राग यायचा, पण खरं म्हणजे मी घाबरले होते. परका देश, पहिलं बाळंतपण, आणि घरातलं एकुलतं एक जाणतं माणूस निघायच्या तयारीत!

अशात मार्चमध्ये शेजारच्या आजीबाईंनी चहाला बोलावलं. त्यांचे पणजोबा आयर्लंडहून आलेले. हिरवं घालून या, नाहीतर चिमटा काढीन, असा त्यांनी दम भरला. मी हे सांगताच सासूबाई हरखल्या.

"हिरवं नेसून ये म्हणाली? अगं, मग डोहाळजेवण करतेय ती तुझं! गोऱ्या बाईला एवढं कळतं?"

हा आयर्लंडच्या सेंट पॅट्रिक नावाच्या संताचा सण, त्या दिवशी सगळेच हिरवं घालतात, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. आल्यापासून पहिल्यांदाच त्या हसत होत्या. बॅगेच्या तळाशी जपून आणलेला हिरवा चुडा त्यांनी माझ्या हातात चढवला.

शेजारी सगळंच हिरवं होतं. टेबलावरचं कापड, केकवरची साखर, आजीबाईंचा स्वेटर. भिंतीवर कागदाची त्रिदळं लावलेली.

"बेल!" सासूबाई जवळजवळ ओरडल्याच.

आजीबाई म्हणाल्या, संताने हेच पान दाखवून देव तीन असून एकच कसा, ते लोकांना समजावलं. मी भाषांतर केलं. सासूबाईंनी मान डोलावली. दत्ताच्या भक्ताला यात नवल कसलं? मग आजीबाईंनी पुढची गोष्ट सांगितली. त्याच संताने देशातले सगळे साप समुद्रात हाकलून दिले.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "बेल ठेवला आणि नाग हाकलले? शंकराला काय वाटलं असेल? आणि गेले कुठे बिचारे? विचार तिला."

मी विचारलं. आजीबाई गोंधळल्या. लहानपणापासून गोष्ट ऐकतेय, म्हणाल्या, पण हे कधी कुणी विचारलंच नाही.

"आमच्याकडेच आले असणार," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही पुजतो त्यांना."

माझं भाषांतर ऐकून आजीबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि त्यांनी सासूबाईंचा हातच धरला. पुढचा तासभर त्या दोघी मला सोडून एकमेकींशीच बोलत होत्या, कुठल्या भाषेत ते देव जाणे.

परतताना सासूबाई म्हणाल्या, "डोहाळजेवण नव्हतं ना ते?"

"नाही, आई."

"ओवाळलं नाही, तेव्हाच कळलं मला. असू दे. त्या तिकिटाचं राहू दे आता. नागपंचमीला तिला आपल्याकडे जेवायला बोलवायचंय. सापांची बाजूही कुणीतरी मांडायला नको का?"

नागपंचमी म्हणजे श्रावण. तोवर बाळाने मान धरली असती.