पाद्रॉनमधलं नाव

“अक्का, तुम्ही तिकडच्या नगरपालिकेला काय लिहून पाठवलंत? हे अजून तिथं राहतात म्हणून?”

“त्यांनी तेवढंच विचारलं होतं. हो म्हटलं.”

“शेवटची आंघोळ ह्याच दारात घातली आपण.”

“इथं घातली,” महानंदा म्हणाली. “तिकडं कुठं घातली?”

स्पेनहून दिवाळीच्या सुट्टीत आलेला कावेरीचा नवरा दयानंद छातीत कळ येऊन गेला, हे बोम्मसंद्र्यातल्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. स्पेनला मात्र कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवायची भाषा घरात एकट्या महानंदाला येत होती.

निपाणीची ही बाई इलेक्ट्रॉनिक सिटीत फोनवर बसून स्पेनच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत पिकली. धाकटा भाऊ दयानंद फिटर म्हणून वालेन्सियाला गेला तेव्हा त्याला तिकडचं अक्षर येत नव्हतं. कचेरीत गेला की तो फोन काउंटरवर ठेवायचा, खाकरायचा, आणि इथून अक्का बोलायची. पाद्रॉन म्हणजे हा माणूस या पत्त्यावर राहतो अशी नगरपालिकेतली नोंद. सिता प्रेव्हिया म्हणजे आधी घेतलेली वेळ, तिच्याशिवाय आत सोडत नाहीत. दयानंद तिला सीतामाईचं दर्शन म्हणायचा. तुम्ही कुठून बोलताय, असं काउंटरवरच्या बाईंनी विचारलं की महानंदा सांगायची, इथंच, त्याच्या शेजारी.

दयानंदची नोंद चालू ठेवायची का, असं नगरपालिकेनं विचारलं, तेव्हा तिचा हात नकाराकडे वळलाच नाही. वडील, आबा, गेल्यावर रेशन कार्डावरचं त्यांचं नावही घरात कुणी काढू दिलं नव्हतं. कावेरीनं आता तेच तोंडावर फेकलं. आबांच्या नावानं कुणाची जागा अडली नव्हती, म्हणाली.

वालेन्सियात मात्र अडली होती. दयानंदच्या खोलीत एचएसआर लेआउटच्या एका कंपनीतून गेलेला वेदांत राहायला आला होता. एका खोलीवर एकच नाव, असं घरमालकाचं म्हणणं. पाद्रॉन नाही तर राहण्याचं कार्ड नाही, आणि कार्ड नाही तर पोराला परत यावं लागणार. महानंदानं त्याला फोनवर एकेक शब्द उलगडून दिला होता. फक्त ‘बाहा’, म्हणजे नाव कमी करणं, तेवढा सांगितला नव्हता. कारण वेदांत कचेरीत गेला की त्याच्या फोनमधून दयानंदच्या वेळचाच पंखा घरघरायचा, तीच बाई नंबर पुकारायची, आणि मागं कुणीतरी खाकरायचं. बोलायच्या आधी दयानंद खाकरायचा तसं. महानंदा त्यासाठीच फोन लवकर ठेवत नसे.

“मी त्यांची बायको आहे, अक्का. मी सोडलं. तुम्ही कुणाला धरून बसलाय?”

फोन वाजला. कावेरीनंच उचलला आणि स्पीकरवर टाकला.

“ताई, वेदांत. काउंटरवरच आहे. या मॅडम विचारतायत, दयानंद या पत्त्यावर राहतात की नाही? आज झालं नाही तर पुढची वेळ माझी मुदत संपल्यावरची आहे. तुम्ही बोलता का त्यांच्याशी?”

पंखा घरघरत होता. कावेरीनं फोन पुढं केला. “सांगा, अक्का. एक शब्द आहे ना?”

तिकडून कुणीतरी खाकरलं.

महानंदानं फोन न घेताच पदर सारखा केला, उंबऱ्याबाहेर चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरायला लागली.