भुलाबाईची साफ केलेली कॅसेट

आमच्या ह्यांच्या व्यासंगाबद्दल चार शब्द सांगा, असं लोक मला आजही म्हणतात. चार शब्द पुरायचे नाहीत, आणि जे मनात येतात ते चारचौघांत बोलण्यासारखे नाहीत. म्हणून लिहिते.

हे एका सरकारी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात प्रोग्राम लिहायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर निवृत्त झाले आणि आम्ही सौंसरला, त्यांच्या वाटणीच्या संत्र्याच्या बागेजवळ राहायला आलो. सॉफ्टवेअर म्हणजे काय हे गावात कोणाला ठाऊक असणार? एक जण बिघडलेला टीव्ही घेऊन आला, दुसरा पोरीची पत्रिका घेऊन. शहाण्या माणसाने दोघांनाही हात जोडून परत पाठवलं असतं. ह्यांनी टीव्ही खोलून ठेवला आणि ज्योतिष शिकायला घेतलं. टीव्हीवाला बिचारा दिवाळीपर्यंत खेटे घालत होता.

मग रांगच लागली. दुर्बिणीसाठी काच घासायला बैठक हवी म्हणून माझा पाण्याचा ड्रम ओसरीवर उलटा झाला. घासता घासता काच तडकली, तशी ग्रहताऱ्यांवरची भक्ती आटली आणि पाली भाषा सुरू झाली. पाली पहिल्या धड्यांतच थकली, तर पोस्टकार्डावरून बुद्धिबळ. कुठल्याशा अनोळखी गृहस्थाला एक चाल लिहून पाठवायची आणि उत्तर येईपर्यंत पटासमोर चिंतन करायचं. बागेला पाणी कोण सोडतंय, मोटर कोण चालू करतंय, याची ह्यांना खबर नसायची. आणि त्याच बागेशेजारी कुंडीत संत्र्याचं बोन्साय! संत्र्याच्या मुलखात हातभर उंचीचं संत्र्याचं झाड. बागेत कामाला येणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायची, फक्त पदर लावत नव्हते.

सगळ्यांवर कडी होती रेडिओची. परदेशातलं एखादं दूरचं स्टेशन पकडायचं, त्याची खरखर टेप करायची, आणि तुमची खरखर इथे सौंसरला ऐकू आली असं त्यांना पत्राने कळवायचं. तिकडचे लोकही आभाराचं रंगीत कार्ड पाठवायचे. रिकामटेकडे काही एकट्या आपल्या देशात नाहीत, एवढं ज्ञान मला त्यातून झालं. एक ना धड, भाराभर चिंध्या, आणि प्रत्येक चिंधीला नाव मात्र अभ्यासाचं.

माझं माहेर पांढुर्ण्याचं. माय तिथे माझ्या भावाकडे राहायची. दम्याने जेरीस आलेली, पण तोंडाने खणखणीत. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई बसते. मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे पोरी गाणी म्हणतात आणि मग झाकल्या डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. एका वर्षी त्या दिवसांत माय बसने आमच्याकडे आली होती. पोरींची गाणी संपायची तिथे तिची सुरू व्हायची. ह्यांनी एक दिवस कान दिला आणि त्यांचे डोळे चमकले. ते चमकणं माझ्या ओळखीचं होतं. आता माझी माय त्यांचा नवा छंद होणार होती.

दुपारी ओसरीवर सतरंजी घातली, मायसमोर टेपरेकॉर्डर ठेवला.

“जावईबापू, हे डब्बं माह्या तोंडासमोर काहून ठेवून राहिले?”

“तुमी गा मामी, तिकडं पाहू नका.”

माय गायली. कितीतरी दुपारी गायली. एक गाणं सुनेचं होतं. तिला माहेरी जायचं असतं, ती सासूला विचारते, सासू सासऱ्याकडे पाठवते, सासरा दिराकडे, दीर जावेकडे, जाऊ नणंदेकडे. दरवेळी कडवं तेच. पण माय ते नुसतं गात नव्हती. नणंदेची पाळी आली की गाणं सोडून माझ्या आत्याच्या खोड्या सांगायची आणि आपणच हसायची. हसली की खोकायची, खोकली की छाती धरून दम खायची. मध्येच मला हाक मारायची, लहानपणच्या लाडाच्या नावाने, “पाणी आण वं, घसा सुकून राहिला माहा.” त्या नावाने मला हाक मारणारं तिच्यावाचून कोणी उरलं नव्हतं.

माघात माय गेली. मी पांढुर्ण्याला पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. तिचा फोटो म्हणावा तर एका लग्नातला, त्यातही कोणा जाड बाईच्या आड अर्धी झाकलेली. पण तिचा आवाज माझ्या घरी आहे, मला मारलेल्या हाकेसकट आहे, हे मला तिथे अंगणातसुद्धा आठवत होतं. त्याच आधारावर मी उभी राहिले. ड्रम, पाली, बोन्साय, सगळ्याला मी मनातल्या मनात माफी देऊन टाकली. एक तरी छंद माणसाच्या उपयोगी पडला असं वाटलं.

तेरवी उरकून सौंसरला आले आणि मायच्या कॅसेटा मागितल्या. ह्यांचा चेहरा खुलला.

“तू तिकडं होती ना, तवा मी बसून साऱ्या साफ केल्या,” म्हणाले. शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर आणून, दोन्ही वायरने जोडून काहीतरी केलं होतं. हातात एकच कॅसेट दिली, तिच्यावर सुरेख अक्षरात गाण्यांची यादी लिहिली होती.

गाणं लागलं. आवाज मायचाच. सुनेने सासूला विचारलं आणि लगेच ती माहेरी पोचली. सासरा नाही, दीर नाही, जाऊ नाही, नणंद नाही. एवढ्या सहज माहेरी गेलेली सून आमच्या मुलखात अजून जन्माला यायची आहे. पुढचं गाणंही तसंच, त्याच्या पुढचंही. खोकला नाही, हसू नाही, बोलणं नाही. एका कडव्यानंतर जिला दम खायला बसावं लागे, ती माझी माय श्वास न घेता एकामागून एक गाणी म्हणत होती. मला तिची भीती वाटली.

“बाकीचं कुठं आहे?” मी विचारलं.

“तेच तेच येऊन राहिलं होतं ना. फक्त नातं बदलते, सासू, सासरा, दीर. प्रोग्राममध्ये आमी असं एकदाच लिहितो. फालतू आवाजही काढले. पाह्य, साऱ्या कॅसेटांची एकच झाली.”

“अन् जुन्या?”

“त्या मोकळ्याच पडल्या होत्या. रेडिओ भरला त्यावर.”

मी जुन्या कॅसेटा लावल्या. खरखर, शिट्ट्या, परक्या भाषेत कोणी काहीतरी सांगत होतं. एखाद्या टोकाला चुकून राहिली असेल म्हणून मी एकेक कॅसेट दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐकली. हाक कुठेच नव्हती.

मी रडायला लागले तेव्हा हे खुर्ची ओढून समोर बसले. रागावले नाहीत, चिडले नाहीत. त्यांना खरोखरच कोडं पडलं होतं.

“पण त्यात असं होतं काय?”

“माय होती,” मी म्हटलं.

त्यांनी कॅसेट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली, त्यावरची यादी बोट ठेवून वाचली.

“पण गाणी तर सारी आहेत,” ते म्हणाले.