काकूंना रिकामा रस्ता पाहिजे

मोटारीतून फिरणाऱ्याला किस्से कमी मिळतात, असं माझं ठाम मत आहे. काचा वर, एसी चालू, निघाला की थेट मुक्कामी. सायकलवाल्याचं तसं नाही. तो चढावर दमतो, पाणी प्यायला थांबतो, पंक्चर झालं की झाडाखाली बसतो, आणि जिथं थांबतो तिथं कोणीतरी विचारतंच, "काय झालं भाऊ? गाडी बिघडली काय?" तिथून पुढं किस्सा आपोआप सुरू होतो.

वणीत आम्ही चौघं दर रविवारी सकाळी सायकली काढतो. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. वंदनाताई दवाखान्यात नर्स आहेत. सलीमभाईंचं सायकलचं दुकान आहे आणि घाटेकाका वीजखात्यातून निवृत्त झालेत. सगळे किस्से सांगत बसलो तर चहा थंड होईल, म्हणून फक्त घाटेकाकूंचे तेवढे सांगतो.

*

घाट्यांची मुलगी रश्मी फ्रान्समध्ये नोकरीला आहे. काका-काकू मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडं जाऊन आले. आम्ही भेटायला गेलो, तर काका सुरूच झाले. तिकडं म्हणे खेड्यापाड्यांतून, कालव्याच्या काठानं, नुसत्या सायकलींसाठी रस्ता आहे. मोटार नाही, ट्रक नाही, हॉर्न नाही. दोन्ही बाजूंना झाडं, मध्येच एखादं गाव, पुन्हा झाडं.

"दिवसभर चालवा, कोणी आडवं येत नाही," काका म्हणाले.

सलीमभाईंना ते काही पटेना. "मंग पंक्चर कोण काढते?"

"ज्याचं त्यानं."

"मंग आपल्या कामाचा नाई तो देश," असं म्हणून सलीमभाईंनी चिवड्याची प्लेट जवळ ओढली.

तेवढ्यात काकू चहा घेऊन बाहेर आल्या. साठीला टेकलेल्या, बोलणं मोजकं. ट्रे खाली ठेवून म्हणाल्या, "याइनं अन् पोरीनं सायकली चालवल्या. मी रोज बाकड्यावर बसून त्याइच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. येत्या मे महिन्यात पुन्हा जाऊन राह्यलो आमी. आता मी काही बाकड्यावर बसत नाई. सलीमभाई, मले सायकल शिकवा."

काका हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी आयुष्यात कधी सायकलचं हँडलसुद्धा धरलेलं नव्हतं.

*

काकांनी पैसे मोजले, सलीमभाईंनी एक लेडीज सायकल तयार केली, सीट पार खाली घेतली. वंदनाताईंनी आपली ट्रॅक पॅन्ट दिली. शिकवणी सुरू झाली घाट्यांच्या घरासमोरच्या रस्त्यावर, आणि घोळ तिथंच झाला. तो रस्ता राजूरकडून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांचा.

पण ट्रकवाल्यांनी काकूंना घाबरवलं वगैरे काही नाही. उलटंच झालं. पहिला ट्रक आला तो थांबला. "माताजी, सायकल बिघडली काय? टाका मांगं, सोडून देतो." मग ऑटो थांबला. मग दूधवाला थांबला आणि त्यानं घरी मुलगा आहे का, असला तर तो काय करतो, याची चौकशी केली. या वयाची बाई सायकलवर दिसते म्हणजे घरात काहीतरी मोठं संकट असणार, अशी सगळ्यांची खात्री!

शेवटचा ट्रकवाला तर खाली उतरला. पुढं चकचकीत हेल्मेट घालून काका चालले होते. त्यानं विचारलं, "हे कोण?"

"आमचे मालक," काकू म्हणाल्या.

त्यानं काकांची सायकल पाहिली, मग काकूंची पाहिली. "काका, सोताले गेअरची अन् बाईले बिनगेअरची. बरं दिसते काय हे?"

काकांनी वेग वाढवला तो थेट घरापर्यंत. काकूंनी मात्र फाटकाशी सायकल लावताना निकाल दिला, "इथी नाई जमत. सायकल चालवू का सगळ्याइले उत्तरं देऊ? तिकडच्यासारखा रिकामा रस्ता पाहिजे. सर, तुमी भूगोलवाले. शोधा."

*

आता हे माझ्या इज्जतीवर आलं. मी नकाशे काढले, उपग्रहाची चित्रं पाहिली, दोन गावांना जोडणारा एक छोटा डांबरी रस्ता हेरला. बस नाही, ट्रक नाही, काही नाही. दसरा उलटल्यावरच्या रविवारी सलीमभाईंच्या टेम्पोत सायकली टाकून आम्ही काकूंना घेऊन तिथं पोचलो.

रस्ता खरंच रिकामा होता. म्हणजे गाड्यांनी रिकामा होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत सोयाबीन पसरलेलं होतं, शेंगा-काड्यांसकट. कडेला डोक्यावर पदर घेऊन एक बाई बसली होती.

मी म्हटलं, "मावशी, रस्त्यावर काहून टाकलं?"

"गाडी येत नाई म्हणून तं टाकलं."

"मग आम्ही सायकल कुठं चालवायची?"

तिनं आमच्या पाचही सायकली नीट पाहून घेतल्या. "याच्यावरच चालवा नं. गाडी येत नाई म्हणून मळणीबी होऊन नाई राह्यली. बरे आले तुमी."

आणि आम्ही चालवल्या हो! मी, काका, वंदनाताई, सलीमभाई, चौघांनी ऊन चढेपर्यंत त्या सोयाबीनवर फेऱ्या मारल्या. दाण्यांवरून चाक सटकून मी दोनदा आपटलो. काकू कडेला त्या बाईशेजारी बसून होत्या, आणि जिथं शेंगा राहिल्या तिथं आम्हाला बोटानं दाखवत होत्या. निघताना बाईनं विचारलं, "तूर निघाल्यावर तुरीलेबी येता काय?"

*

शेवटी रस्ता सापडला तो वंदनाताईंना. लसीकरणाच्या कामाला त्या पूर्वी झरी जामणी भागात होत्या. जंगलातून जाणारा, दोन्ही बाजूंना साग, आणि शेवटी कोलाम आदिवासींची छोटी वस्ती, पोड म्हणतात तिला. वाहन म्हणाल तर एखादी मोटारसायकल, तीसुद्धा रोज येईल असं नाही. काकूंनी पहिल्या दिवशी तिथं उतरून कान देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, "हाच."

पण आमच्याकडं पाचजण हेल्मेट घालून वस्तीवर आले म्हणजे ते सरकारकडून आले असंच धरतात. अर्ध्या तासात पोडावरची माणसं कागदपत्रं घेऊन जमली. मी सांगतोय, आम्ही सहज आलोय, सायकल शिकायला आलोय. कोणीच ऐकेना. वंदनाताईंना ओळखणाऱ्या बायांनी त्यांना घेरलं आणि तब्येतीच्या तक्रारी सांगायला सुरुवात केली. वंदनाताई झाडाखाली बसून एकेकीची चौकशी करू लागल्या.

एक म्हातारी सरळ काकूंकडं गेली. सायकलवर हात फिरवत म्हणाली, "कोणत्या योजनेत भेटली?"

काकू म्हणाल्या, "नवऱ्याच्या."

म्हातारीनं मागं वळून आपल्या म्हाताऱ्याकडं बघितलं. "आमच्या इकडं आली नाई ते योजना अजून."

*

हिवाळाभर आमचे रविवार त्या रस्त्यावर गेले. काकू सायकल चालवायला लागल्या, आणि चांगली चालवायला लागल्या. पाठ ताठ, नजर समोर, पायडल एका लयीत. आम्ही खूश. मग एक दिवस वंदनाताई म्हणाल्या, "काकू, तुम्ही वळताना मला कधी दिसल्याच नाहीत."

"भाई वळवते नं," काकू म्हणाल्या.

खरंच की! रस्ता संपला की काकू उतरायच्या, सलीमभाई सायकल उचलून तोंड फिरवून द्यायचे, काकू पुन्हा बसायच्या. इतक्या रविवारांत आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सलीमभाईंनी कान पकडले. "गलती झाली भाभी. दुकानात मी सायकल उचलूनच फिरवतो. हाताले आदतच पडली."

त्याच दिवशी काकू वळायला गेल्या आणि पडल्या. गुडघा सोलवटला, मनगट सुजलं. वंदनाताईंनी क्रेप बँडेज बांधलं, महिनाभर सायकल बंद म्हणून सांगितलं. काका खरंच घाबरले होते. परतताना टेम्पोत म्हणाले, "बस झालं आता. हट्ट किती करायचा. तिकडं तू आपली रश्मीसोबत बागेत फिर."

काकूंनी मान वळवली. रस्ताभर खिडकीबाहेर बघत होत्या. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. वाटलं, संपलं सगळं.

पुढच्या रविवारी सलीमभाई शटर उघडायला गेले, तर पायरीवर काकू बसलेल्या. मनगटाला बँडेज, पायात बूट.

"भाभी, ताईनं मना केलं नं?"

"हाताले लागलं. पायाले नाई लागलं. चला."

मनगटावर जोर येऊ नये म्हणून त्या दिवशी त्या जवळजवळ एका हातानं चालवत होत्या. वस्तीच्या तोंडाशी मोहाचं एक मोठं झाड आहे. त्याला वळसा घालायचा ठरलं. पहिल्यांदा पाय टेकला. दुसऱ्यांदा टेकला. वंदनाताई रागानं बघायच्याच बंद झाल्या होत्या. किती वेळा टेकला कोण जाणे, पण ऊन डोक्यावर आलं तेव्हा काकू त्या झाडाला पूर्ण वळसा घालून आमच्याकडं तोंड करून येत होत्या. पोडावरची ती म्हातारी टाळ्या वाजवत होती. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. काका हेल्मेट काढून डोळे पुसत होते आणि घाम आला म्हणून सांगत होते.

*

मे महिन्यात दोघं फ्रान्सला गेले. एका रविवारी आम्ही तिघं सलीमभाईंच्या दुकानात, अर्धं शटर ओढून, कूलरसमोर बसलो होतो. काकांचा व्हिडिओ कॉल आला. मागं तो कालवा, हिरवीगार झाडं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पण काकांचा चेहरा पांढराफटक.

"अरे, ही दिसून नाही राह्यली," काका म्हणाले.

झालं असं की तिघं सकाळीच निघाले होते. काका आणि रश्मी वाटेत कॉफी प्यायला थांबले. काकू म्हणाल्या, मी होते पुढं. ठरलं असं की पुढच्या पुलापर्यंत जायचं आणि तिथून वळून परत यायचं. कॉफी संपली, वर बराच वेळ गेला. काकूंचा पत्ता नाही. फोन उचलत नाहीत. भाषा येत नाही. आणि कालव्याला कठडा नाही.

सलीमभाई स्टुलावरून उठले. "रस्ता किती रुंद आहे काका, दाखवा जरा." काकांनी फोन फिरवला. अरुंदच होता. एका बाजूला पाणी. सलीमभाई खाली बसले. "मोहाच्या झाडापाशी लय जागा होती. इथी कशी वळन ते? मी अजून शिकवाले पाह्यजे होतं." वंदनाताईंचंही तोंड उतरलं होतं. मी उगाच नकाशा उघडून कालवा बघत बसलो.

तेवढ्यात तिकडं रश्मीचा फोन वाजला. तिनं स्पीकर सुरू केला आणि काकांच्या फोनजवळ धरला. काकूंचा आवाज आला, थोडा धापा टाकत, पण एकदम ताजा.

"रश्मी, मी पुढच्या गावात आहो. मोठं घड्याळ आहे इथी, त्याच्याखाली सायकल लावली. सावकाश या तुमी."

रश्मीचा आवाज रडवेला झाला होता. "आई, पुलापाशी वळून परत यायचं ठरलं होतं ना? वळता नाही आलं का तुला?"

"आलं नं," काकू म्हणाल्या. "पुलापाशी बराबर वळली मी. मंग पुन्हा वळली."