किल्लीची मुलगी

सांगलीच्या शाळेत दुसरा तास चालू होता, तेव्हा गावचा पांडू वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. सकाळच्या मोटारीने आला असावा, अंगभर धूळ होती. "आण्णा गेलं, बाई," एवढंच म्हणाला. माझा थोरला भाऊ... बर्माच्या लढाईतून धडधाकट आलेला, वडूजजवळच्या आमच्या गावी छातीच्या दुखण्याने गेला. त्याला आता सव्वा महिना होईल.

आण्णा पलटणीत गेला तेव्हा त्याची कुसुम, आमची कुशी, सात महिन्यांची होती. वहिनींना लिहिता येत नसे, म्हणून घरची पत्रं मीच लिहायची. कुशी तीन वर्षांची झाली आणि गोवराच्या तापाने दोन दिवसांत गेली. मी पत्र लिहायला बसले, तर आईने माझा हात धरला. "त्यो लढाईत हाय. ह्ये वाचून त्येचं ध्यान उडालं तर? जिता येऊ दे, मग सांगू." वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी लिहिलं, कुशी खुशाल आहे.

एकदा लिहिल्यावर पुढचंही लिहावंच लागलं. कुशी बिगरीत जाऊ लागली, तिचा पुढचा दात पडला, तिला चित्रांची पुस्तकं फार आवडतात... लढाई संपली, पण आण्णाची पलटण तिकडूनच हरलेल्या जपानवर पहाऱ्याला गेली, आणि खरं कळवायचा धीर आम्हाला झाला नाही.

तो आला त्या दिवशी मी मुद्दाम गावी गेले होते. ट्रंक सोप्यात ठेवून त्याने आधी हाक मारली, "कुशे!" वहिनींनीच सांगितलं, "ती न्हाई. तुमी बर्मात हुता, तवाच गेली." "मग साळंत जाती म्हणून कुणी लिवलं?" मी म्हटलं, "मी." त्याने ट्रंक उघडून एक चित्रांचं पुस्तक काढलं, परत आत ठेवलं. त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. मी सुट्टीला जायची, त्याला वाढायची. तो ताटाकडे बघून जेवायचा.

मग एका मे महिन्यात त्यानेच मला सोप्यात बोलावलं. पुढ्यात ते जपानी पुस्तक होतं, मागच्या बाजूने उघडायचं. नुसती चित्रं, आणि मधून मधून आम्हाला न वाचता येणारी अक्षरं. एक म्हातारा घड्याळजी पाठीत किल्ली असलेली मुलगी बनवतो. ती चहा आणून देते, पावसात त्याच्यावर छत्री धरते. शेजाऱ्यांना ती खरीच पोर वाटते. म्हातारा पानोपानी वाकत जातो, ती आहे तेवढीच राहते.

"म्हाताऱ्याला ठावं हुतं, ही किल्लीवर चालती," आण्णा म्हणाला. "तरी रोज सकाळी उठून किल्ली द्यायचाच." मग त्याने पानावर बोट ठेवलं. "तायडे, तिकडं लय वंगाळ दिस काढलं. तुजी पत्रं आली की चार दिस बरं जायचं. तुज्यावर राग हाय, जाणार न्हाई. पर पत्रं फाडवत न्हाईत मला."

मी रडले. त्याने मला रडू दिलं.

शेवटची भेट दिवाळीतली. तो अंथरुणाला खिळला होता, बोलताना धाप लागे. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "कुशी आता कितवीत असंल गं?"

इतकी वर्षं त्या पत्रांबद्दल बरं-वाईट एक अक्षर न बोललेल्या वहिनी, पाठमोऱ्याच, परातीतला हात न थांबवता म्हणाल्या,

"तिसरीत. पाढं काय पाठ व्हत न्हाईत तिला."

आण्णा हसला. हसताना खोकला आला, तरी हसतच राहिला. "माज्यावर गेलीया," म्हणाला.

परवा माझ्या वर्गात एक मुलगी तेराच्या पाढ्यात अडली. मी तिला रागावले नाही. जवळ बसवून घेतलं, आणि तिच्याबरोबर पहिल्यापासून म्हणायला लागले...