मक्यातलं निंदण

आमच्या वलगावात निंदणाच्या, म्हणजे पिकातलं गवत काढणाऱ्या, बायांची टोळी म्हणजे माझी आई. शेतात पहिली पात, निंदायची पहिली ओळ, तिची. ती सरकली की बाकीच्या सरकत. एखादी मागे पडली तर आई स्वतःची पात संपवून उलटी तिच्याकडे निंदत यायची, तोंडाने तिला शिव्या देत. संध्याकाळी निंदलेल्या हिरव्या गवताचे भारे बांधून सगळ्या हसत-भांडत घरी. त्या निंदणावर मी शिकले, बीएस्सी ॲग्री झाले. माझ्याआधी आमच्या घरात दहावीसुद्धा कोणी झालं नव्हतं. हे मी मिरवते आणि मिरवणार.

अमरावतीला एका कृषी केंद्रात मला नोकरी लागली, घरूनच रोज जाऊन-येऊन. त्याच साली, आईची टोळी नेहमी ज्यांच्याकडे जायची त्या काकांनी कपाशीऐवजी मका पेरला. पेरणीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बोलावलं. निंदण कधी लावायचं ते विचारायला आईही आली होती.

"सांग बाई," काका म्हणाले, "गवत निंघाच्या आधीच औषध काहून मारा लागते?"

मी सांगितलं. हे औषध गवतावर नाही, मातीवर मारायचं. ओल्या मातीच्या वरच्या थरात ते बसून राहतं. शिप्पीसारख्या गवताचं बी त्याच थरात रुजतं, कोंब वर येता येता औषध शोषतो आणि पान उघडायच्या आधीच संपतो. मक्याचं बी खोल असतं, शिवाय मक्याला ते औषध पचतं. फवारणाऱ्याने मागे मागे सरकत जायचं, थर तुडवायचा नाही. नंतर ओळींमधून बैलांचा डवरा घालून माती हलवायची नाही.

"म्हंजे निंदणच नाही?"

"नसल्यासारखंच."

मी बोलत होते तोवर आईचा चेहरा फुललेला होता. शेवटच्या उत्तरावर तिने मान वळवली.

परतताना टोळीतल्या एका मावशीने टोला हाणलाच. "काय वं, पोरगी शिकवली अन् तिनं आपलंच निंदण खाल्लं!"

"खाल्लं त खाल्लं," आई म्हणाली. "खोटं त नाही ना बोलली? तुह्या पोराले सांगता येते का असं?"

मला तेव्हा चुकल्यासारखं वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी सांगितलं नसतं तर औषधाच्या डब्यावरच्या कागदाने सांगितलं असतं.

फवारणीनंतर हलका पाऊस झाला, औषधाला हवा तसाच. मका वर आला. ओळींमधली काळी माती सारवल्यासारखी साफ. काका येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवत. आई रोज सकाळी तिकडे जाऊन यायची आणि म्हणायची, "धुऱ्यानं थोडं गवत हाये."

"माय, माह्या पगारात भागते आपलं. आता घरी राह्य."

"घरी राहाले मी का आजारी हाओ?"

एके दिवशी जेवताना तिने विचारलं, "त्या औषधाचा जोर उतरते का कंदी?"

"उतरते. महिना-दीड महिन्यानं."

"मंग गवत निंघन?" तिचा हात ताटातच थांबला. "बायाइले सांगून ठेवतो मी."

इतके दिवस ती याचीच वाट पाहत होती.

"निंघन थोडंफार. पण तवापर्यंत मका डोक्याएवढा झालेला असते. सावलीत गवत जोर धरत नाही. त्यासाठी कोणी बाया लावत नाही, माय."

"अन् पुढच्या साली?"

"पुढच्या सालीही असंच. आता सगळेच हे औषध मारतीन."

ती ताट उचलून उठली. सकाळी मावशी दाराशी हाक मारायला आली, तर आई आतूनच म्हणाली, "तुमी आपआपलं पाहा."

टोळी तिथेच मोडली. कोणी शेंदूरजनाघाटकडे संत्र्याच्या कामाला गेली, कोणी अमरावतीत धुणीभांडी धरली. आई ओट्यावर बसते. गावात कोणी विचारलं की सांगते, "पोरीनं काम सोडाले लावलं. लय जीव लावते मले."

मी आत असते. ऐकते आणि तिला खोटं पाडत नाही.