हिरवी फीत

नालबंदकाकांना सगळे मुकेकाका म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. नाल ठोकताना खिळे ओठांत धरायचे, म्हणजे हात मोकळे राहतात. चाळीस वर्षं असं काम केल्यावर माणूस बोलणार तरी कधी? बायको होती तोवर म्हणायची, "टाळी एका हाताने वाजत नाही, म्हणून आमच्या घरात भांडण नाही."

पण खरं सांगायचं तर खिळे हे निमित्त होतं. लंगडणारा घोडा समोर यायचा, खांद्याची कातडी पट्ट्याने सोललेली असायची, आणि मालक म्हणायचा, "ठोका काका, उद्या जुंपायचाय." काका ठोकायचे. पोटाचा प्रश्न होता, आणि तोंडात खिळे होते. म्हातारपणी मात्र हेच घोडे एकेक करून त्यांच्या डोळ्यांपुढे येऊन उभे राहू लागले. जन्मात एकदा तरी त्यांच्या बाजूने बोलायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

त्यांची लेक जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती. ती म्हणाली, "बाबा, शहराच्या कला-महोत्सवात आम्ही टेबल मांडतोय, जनावरांची काळजी कशी घ्यायची ते सांगायला. तुम्ही बसा ना. घोड्यांतलं तुमच्याएवढं कुणाला कळतं?" अशा रीतीने मुकेकाका लोकांना माहिती सांगायला बसले. देवानेसुद्धा कपाळाला हात लावला असेल.

पहिला दिवस फुकट गेला. लेकीने छापून आणलेले कागद लोकांनी हसतमुखाने घेतले आणि गवतावर पसरून त्यावर बसून गाणं ऐकलं. टेबलासमोरच रिंगण होतं. तिथे सात घोडे लहान मुलांना पाठीवर घेऊन फिरत होते, त्यांतले तीन-चार तर बघवत नव्हते. संध्याकाळी टेबल आवरताना काका एकदम म्हणाले, "आपण घोडे तपासू. जो धडधाकट त्यालाच हिरवी फीत बांधू. लोकांना सांगू, फितीच्याच घोड्यावर मुलं बसवा. गिऱ्हाईक तुटलं की मालक आपोआप काळजी घेतील." लेक बघतच राहिली. बापाच्या तोंडून एका दमात एवढी वाक्यं तिने कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी सातही घोडे तपासले. एकाचा खूर चिरलेला, दोघांच्या खांद्यांना जखमा, एक खोकत होता, दोघांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. उरली घोडेवालीची तांबडी. घोडेवाली विधवा बाई. नवरा गेल्यावर या एका घोडीवर तिने संसार ओढला होता, आणि घोडीच्या आधी ती स्वतः कधी जेवली नव्हती. चारच दिवसांपूर्वी काकांनी तांबडीला नवे नाल ठोकले होते. फीत बांधताना घोडेवालीचे डोळे भरून आले. बाकीचे मालक हसले. चिरलेल्या खुराचा मालक म्हणाला, "काका, पावडर पण लावा की तिला!"

लेकीने माईकवरून सांगितलं, आणि काय आश्चर्य, लोकांनी ऐकलं. दहा वाजेपर्यंत तांबडीपुढे रांग लागली. मुलं हट्ट धरत, "मला हिरव्या फितीचाच घोडा!" काका खुर्चीत ताठ बसले होते. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटत होतं.

दुपारी घोडेवाली टेबलापाशी आली. "काका, सकाळपासून हिची पाठ रिकामी नाही. थांबवू का जरा?"

काकांनी रांगेकडे पाहिलं. पलीकडे झाडाखाली सहा घोडे सावलीत चारा चघळत होते. तांबडी थांबली की लोक तिकडेच वळणार, आणि सकाळपासून केलेल्यावर पाणी पडणार. ते म्हणाले, "लोक पहिल्यांदा ऐकतायत गं. पाणी पाज आणि अजून तासभर चालव."

"तुम्ही म्हणताय तर काय," ती म्हणाली आणि वळली. जन्मभर गप्प बसलेला माणूस बोलला, तो नको तिथे.

तासाचे तीन तास झाले. घोडा कसा चालतोय हे काकांना बघावं लागत नसे, नुसत्या आवाजावरून कळायचं. तांबडीचा मागचा डावा पाय घासतोय, हे त्यांना ऐकू आलं. नीट ऐकू आलं. पण तेवढ्यात रांगेतल्या एका बाईने विचारलं, "ही कल्पना कुणाची हो? फार छान!" आणि काका तिला कल्पना समजावून सांगायला लागले.

ऊन उतरलं तेव्हा तांबडीने पुढचे गुडघे टेकले. पाठीवरच्या मुलीला लोकांनी अलगद उचलून घेतलं, तिला खरचटलंसुद्धा नाही. घोडी मात्र आडवी झाली ती उठली नाही. लेक डॉक्टरांना घेऊन आली, सुया झाल्या, पाण्याने अंग पुसणं झालं. सकाळ उजाडायच्या आत तांबडी गेली.

"नाल काढून द्या," घोडेवाली म्हणाली. "तेवढे घरी ठेवते."

काकांनी खिळ्यांची वळलेली टोकं कानशीने घासली आणि पकडीने एकेक नाल उचकटला. मागच्या डाव्या पायाचा नाल पुढच्या टोकाला घासून तिरपा झाला होता. पाच दिवसांपूर्वी तो कोराकरकरीत होता, त्यांच्याच हातचा. त्यांना तो तिच्या हातात देववेना.

"माझ्यामुळे झालं," ते म्हणाले.

"तुमचं काय चुकलं? ती चांगली होती म्हणूनच फीत बांधलीत ना," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर काकांना सोसल्या असत्या.

इतक्यात महोत्सवाचे कार्यवाह लगबगीने आले. "फाटकाशी मुलं जमलीत हो. हिरव्या फितीचा घोडा विचारतायत. आज कुणाला बांधताय? दुसऱ्या नंबरचा असेलच ना एखादा?"

झाडाखाली सहा मालक उभे होते. आयुष्यभर त्यांच्या घोड्यांचे खूर काकांनीच मांडीवर घेतले होते. काकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. चिरलेल्या खुराच्या मालकाने आपल्या घोड्याचा लगाम आखडून धरला.

"आमच्याला नको, काका," तो म्हणाला, आणि घोडा चार पावलं मागे घेतला. मग बाकीच्या पाचांनीही घेतले.